कानशिलं ठणकतात, जबडा आखडतो : दातांवर रात्रीची पट्टी घ्यावी का?

पत्र : मी ३६ वर्षांची आहे. सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर असते. दीड वर्ष झालं, सकाळी उठले की जबडा आखडलेला असतो आणि संध्याकाळी दोन्ही कानशिलं आवळल्यासारखी दुखतात. आठवड्यातून चार-पाच दिवस गोळी घ्यावी लागते. डोळे तपासले, बीपी तपासलं, सगळं ठीक आहे. उजवीकडच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल झालं, कॅप अजून बसवलेली नाही. डोकं मात्र तसंच दुखतंय. मिस्टर म्हणतात की मी झोपेत दात खाते, कधी कधी घोरतेही. कडक भाकरी खाल्ली की दुसऱ्या दिवशी गाल दुखतो. एका डॉक्टरांनी कडक नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायची पट्टी, सांगितलं, दुसऱ्यांनी फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी पट्टी सांगितली. भाऊ म्हणतो, गरम पाण्यात मऊ करून बसवायची पट्टी ऑनलाइन स्वस्तात मिळते. एकांनी तर दात यंत्राने घासून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतात ती ठेवण, सरळ करू असं सांगितलं. पट्टीने डोकेदुखी जाईल का? यातलं कोणतं घेऊ?

उत्तर :

ताई, पैशाचा प्रश्न आहे म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. पट्टी घातली की डोकेदुखी जाईल, एवढ्या एकाच आशेवर पैसे भरू नका. तुम्हाला पट्टीचा उपयोग आहे, पण तो मुख्यतः दात वाचवण्यासाठी. सकाळचा आखडलेपणा तिने कमी होऊ शकतो. संध्याकाळची डोकेदुखी बहुधा दिवसभरात, मशीनवर बसल्या बसल्या तयार होते, आणि रात्री घालायची पट्टी त्या वेळी डबीत असते. म्हणून आधी दिवसाकडे बघू, मग पट्टीकडे.

पहिल्यांदा दुखणं खरंच स्नायूंचं आहे का, ते घरी पडताळून बघा. दोन्ही गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याच्या थोडं वर आणि पुढे बोटं ठेवा आणि दाढा घट्ट दाबा. बोटांखाली जो गोळा उठतो तो मॅसेटर, म्हणजे चावण्याचा मुख्य स्नायू. आता बोटं कानशिलांवर ठेवून पुन्हा दाबा. तिथेही हालचाल जाणवेल. तो टेम्पोरॅलिस, कानशिलापासून खाली जबड्यापर्यंत पंख्यासारखा पसरलेला. जबडा सैल सोडून या दोन्ही स्नायूंवर बोटाने दाब द्या. दंतवैद्य तपासताना साधारण १ किलोचा दाब देतात. तो किती असतो ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोट दाबून एकदा शिकून घ्या. प्रत्येक जागी ५ सेकंद दाब ठेवा आणि स्वतःला विचारा : हे माझं नेहमीचंच दुखणं आहे का? नुसतं दुखलं तर त्याला फार अर्थ नाही, दाबल्यावर थोडं कुणालाही दुखतं. संध्याकाळी होतं अगदी तेच दुखणं तिथे उठलं, किंवा जास्त चावल्यावर, तोंड मोठं उघडल्यावर कानशिलातली डोकेदुखी वाढली, तर जबड्याच्या स्नायूंचा तिच्यात मोठा वाटा आहे असं धरायला हरकत नाही.

मॅसेटरचं दुखणं पुष्कळदा दाढेत जाणवतं आणि टेम्पोरॅलिसचं वरच्या दातांत. त्यामुळे दाढेची कीड नसेपर्यंत पोचली असेल तर रूट कॅनल लागतंच, पण स्नायूतून आलेलं दुखणं त्याने जात नाही. पुढे कधी दुसरी दाढ दुखू लागली, तर थंड-गरम लागतं का, एक्स-रेत काही दिसतं का, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर उपचार करून घेऊ नका.

तोंड किती उघडतं तेही मोजा. आरशासमोर न दुखता जास्तीत जास्त तोंड उघडा आणि वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत प्लॅस्टिकची मोजपट्टी लावा. ४० मिमी किंवा त्याहून जास्त असेल तर ठीक. ३५ मिमीपेक्षा कमी असेल तर पट्टीबिट्टी बाजूला ठेवून आधी दाखवा. आकडा लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता मशीनवरचं बघू. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण शिवणकाम करणाऱ्यांच्या तीन सवयी नेहमी दिसतात : टाचण्या दातांत धरणं, दोरा दातांनी तोडणं, आणि कॉलर किंवा खिशाची कड जुळवताना दात आवळून धरणं. पहिल्या दोन लगेच बंद करा. मनगटावर बांधायची टाचण्यांची उशी मिळते, ती वापरा, आणि दोरा तोडायची छोटी कात्री दोरीने गळ्यात अडकवा. दोरा तोडताना खालचा जबडा पुढे काढून दोन दातांच्या टोकांवर जोर दिला जातो, त्याने स्नायूही शिणतात आणि पुढच्या दातांच्या कडाही झिजतात.

तिसरी सवय अवघड, कारण ती आपली आपल्याला कळत नाही. एरवी दिवसाच्या २४ तासांत वरचे-खालचे दात एकमेकांना लागतात ते जेवताना आणि गिळताना, सगळे मिळून थोडी मिनिटं. बाकी वेळ ओठ मिटलेले, दात २ ते ४ मिमी सुटे आणि जीभ टाळूला हलकी टेकलेली, अशी तोंडाची विश्रांतीची स्थिती असते. 'न' म्हणा आणि थांबा. जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या, ओठ मिटा, दात सुटे ठेवा. हीच ती स्थिती. दात फार जोराने दाबले जात नसले, नुसते टेकलेले असले, तरी तासन्‌तास तसं राहिलं की स्नायू दुखून येतात.

हे लक्षात ठेवायचं कसं? मनाशी ठरवून ते होत नाही, त्याला खूण लागते. तुमच्याकडे फार चांगली खूण आहे : बॉबिन. बॉबिन बदलताना दर वेळी जबडा तपासा. दात लागलेले असतील तर 'न' म्हणा, खांदे खाली सोडा, नाकाने एक सावकाश श्वास घ्या आणि काम सुरू करा. मशीनच्या डोक्यावर एक रंगीत टिकली चिकटवा, नजर गेली की तेच करायचं. पहिले काही दिवस दर वेळी दात आवळलेलेच सापडतील. घाबरू नका, सवय किती पक्की आहे ते त्यातून कळतंय. बसण्याकडेही लक्ष द्या. मान पुढे काढून सुईवर वाकल्याने मानेचे स्नायू ताणतात, आणि मानेचं दुखणंही कपाळाकडे चढतं. स्टूल उंच करा किंवा दिवा जवळ आणा, पण कापड डोळ्यांकडे आलं पाहिजे, डोळे कापडाकडे नव्हेत.

गोळ्यांचा हिशेब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आठवड्यातून चार-पाच दिवस म्हणजे महिन्याला १६ ते २० दिवस झाले. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली किंवा कॅफीन घातलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की त्या गोळ्यांनीच डोकेदुखी टिकून राहू शकते. मग जबड्यावर कितीही उपचार केले तरी फरक दिसत नाही आणि दोष पट्टीला लागतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडता तिथेच डोकं दुखलं त्या दिवशी एक फुली आणि गोळी घेतली त्या दिवशी एक गोल करा. गोळीचं नावही लिहा. महिनाभराचं ते पान घेऊन फिजिशियनना भेटा. गोळ्या कमी कशा करायच्या ते त्यांनी ठरवू द्या, कारण कमी करताना पहिले काही दिवस डोकं जास्त दुखू शकतं. वारंवार होणाऱ्या ताणाच्या डोकेदुखीला रात्री अमिट्रिप्टिलीन कमी मात्रेत देतात, तेही त्यांना विचारा. स्नायू सैल करणारी गोळी कुणी दिली तर ती घेऊन मशीनवर बसू नका. त्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि सुईखाली बोट असतं.

घरी करायचे व्यायाम थोडेच आहेत, पण ते रोज करायला हवेत. जीभ टाळूला टेकलेलीच ठेवून तोंड सावकाश उघडायचं आणि मिटायचं. जीभ सुटेल इतकं मोठं उघडायचं नाही, आणि जबडा एका बाजूला सरकत नाही ना ते आरशात बघायचं. असं एका वेळी ६ वेळा, दिवसातून ६ खेपा. एका खेपेला मिनिटही लागत नाही. रात्री झोपण्यापूर्वी गरम पाण्यात पिळलेला पंचा गाल आणि कानशिलांवर १५ ते २० मिनिटं ठेवा, मग दोन बोटांनी मॅसेटर वरून खाली हलके दाबत चोळा. एप्रिल-मेच्या सोलापुरी उकाड्यात गरम शेक नको वाटला तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ ५ ते १० मिनिटं लावला तरी चालतो. जांभई येईल तेव्हा हनुवटीखाली मूठ धरा. पालथं झोपून गाल उशीत दाबला जात असेल तर कुशीवर वळा.

खाण्यात दोन-तीन आठवडे जबड्याला सुट्टी द्या. कडक भाकरी सोडायची गरज नाही, आमटीत चुरून भिजवून खा. शेंगाचटणी चालेल. चिक्की, फुटाणे, ऊस आणि सुपारी बंद. सुपारी तर कायमचीच बंद केलेली बरी, नुसत्या चघळण्याने स्नायू शिणतात इतकंच तिचं नुकसान नाही. रूट कॅनलच्या बाजूने खायची भीती वाटते म्हणून सगळं डावीकडून चावत असाल तर तो एकतर्फी भारही त्रास देतो. मिश्री लावत असाल तर तीही सोडा. तंबाखूतलं निकोटीन आणि संध्याकाळनंतरचा वारंवार चहा, दोन्हींचा झोपेत दात खाण्याशी संबंध आहे. जंतांमुळे दात खाल्ले जातात असं घरोघरी म्हणतात, पण तुमच्या दुखण्यासाठी जंतांच्या औषधामागे जाऊ नका. मनासाठी एखादी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. नैराश्यावरच्या काही औषधांनी दात आवळणं वाढतं. ती आपल्या मनाने थांबवू मात्र नका.

ही सगळी पथ्यं म्हणजे 'पट्टी येईपर्यंतचा वेळ काढणं' असं समजू नका. जबड्याचं दुखणं तीन महिन्यांपेक्षा जुनं असलेल्यांसाठी २०२३ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आंतरराष्ट्रीय शिफारशी आल्या. त्यांत जबड्याचे व्यायाम आणि स्नायू ताणणं, तज्ज्ञाच्या हातचं मालीश, बसण्या-उठण्याचे व्यायाम आणि सवयी व विचार बदलायला शिकवणारी वर्तनोपचार पद्धत यांची जोरदार शिफारस आहे. काढता-घालता येणाऱ्या पट्टीबद्दल मात्र 'शक्यतो नको' अशी सौम्य प्रतिकूल शिफारस आहे, कारण वेदना कमी करण्यात तिचा फायदा चाचण्यांमध्ये ठामपणे दिसलेला नाही. ही गोष्ट पट्टी सुचवणाऱ्या प्रत्येकाने पेशंटला सांगायला हवी.

मग तुम्हाला पट्टी का सुचवतोय? कारण तुम्ही दात खाता, आणि तुमची एक दाढ रूट कॅनल होऊन कॅपशिवाय उभी आहे. अशी दाढ आतून पोखरलेली असते आणि रात्रीच्या दाबाने तिला उभी चीर जाऊ शकते. चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढावीच लागते. पट्टीने दात खाणं कायमचं थांबत नाही. काही जणांत पहिले काही आठवडे स्नायूंचं काम कमी होतं आणि नंतर पुन्हा पूर्वपदावर येतं. उन्हात चप्पल घातली म्हणून ऊन कमी होत नाही, पाय मात्र पोळत नाही. पट्टीचं तसंच आहे. दाब सगळ्या दातांवर विभागला जातो आणि झीज दातांऐवजी पट्टीच्या अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची होते.

पण माप देण्याआधी कॅप बसवून घ्या, हा क्रम चुकवू नका. पट्टी दातांच्या आकाराला अगदी चिकटून बनवलेली असते. आधी पट्टी आणि मग कॅप केली तर पट्टी डुगडुगते किंवा बसतच नाही. कॅप खालच्या दाढेवर आणि पट्टी वरच्या दातांवर असली तरी कॅपने चाव्याची उंची बदलते, आणि पट्टी परत घासून जुळवावी लागते. एखादं फिलिंग राहिलं असेल, अक्कलदाढ काढायची असेल, तर तेही आधीच.

तीन पर्यायांपैकी आम्ही कडक, एका जबड्याचे सगळे दात झाकणारी पट्टी निवडू. तिला स्टॅबिलायझेशन स्प्लिंट म्हणतात, मिशिगन स्प्लिंट हा तिचाच एक प्रकार. कडक अ‍ॅक्रिलिकची असते, बहुधा वरच्या दातांवर बसते, आणि दाढांपाशी साधारण २ ते ३ मिमी जाड असते. सगळे दात झाकलेले असल्यामुळे एकही दात जागचा हलायला मोकळा राहत नाही. तिची सुरक्षितता यातच आहे.

फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी पट्टी घातली की दाढा टेकतच नाहीत, म्हणून जोर कमी लागतो आणि काहींना लवकर बरं वाटतं. अशा एका पट्टीला एफडीए या अमेरिकेच्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने मायग्रेन रोखण्यासाठी २००१ मध्ये परवानगीही दिली होती. पण दाढा रोज रात्री मोकळ्या राहिल्या की त्या हळूहळू बाहेर येऊ शकतात आणि पुढचे दात आत दाबले जाऊ शकतात. मग एक दिवस दाढा मिटल्यावर पुढचे दात एकमेकांना लागतच नाहीत, त्यांच्यात फट राहते. ही फट नुसती पट्टी सोडून मिटेलच असं नाही. शिवाय इतकी लहान वस्तू झोपेत सुटली तर गिळली जाण्याचा किंवा श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे. नेमाने तपासणी होणार नसेल तर ती घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

गरम पाण्यात मऊ करून बसवायची पट्टी खेळाडूंच्या कामाची आहे. मऊ वस्तू तोंडात असली की काही जण ती रात्रभर चघळतात आणि सकाळी गाल जास्तच दुखतो. तिच्यावर चावा नीट जुळवताही येत नाही, कारण मऊ थर घासून सपाट होत नाही. जोराने दात खाणारा माणूस तिला काही महिन्यांत भोक पाडतो. खर्चापायी घ्यावीशी वाटली तरी त्याऐवजी ते पैसे कॅपमध्ये घाला.

पट्टी बनताना काय व्हायला हवं ते माहीत असू द्या. वरच्या आणि खालच्या, दोन्ही जबड्यांचं माप घेतलं पाहिजे. पावडर पाण्यात कालवून ट्रेमध्ये भरतात, ती तोंडात दोन-तीन मिनिटांत घट्ट होते. किंवा कॅमेऱ्याने स्कॅन करतात. त्यानंतर मेणाच्या पट्टीवर जबडे कसे मिटतात त्याची नोंद घेतात. दगडी प्लास्टरचे साचे त्या नोंदीनुसार जबड्यासारख्या उघडमीट होणाऱ्या उपकरणावर बसवून लॅबमध्ये पट्टी तयार होते. एकाच जबड्याचं माप घेऊन 'परवा या, गार्ड तयार असेल' असं कुणी म्हटलं, तर तुमच्या चाव्याशी जुळवलेली पट्टी मिळणार नाही.

बसवण्याच्या दिवशी घाई करू देऊ नका, खरं काम त्या दिवशी असतं. पट्टी बोटाच्या दाबाने बसावी, डुगडुगू नये, आणि एखाद्याच दातावर आवळल्यासारखी वाटू नये. मग निळा किंवा लाल कागद मध्ये धरून डॉक्टर चावायला सांगतात. खालच्या सगळ्या दाढांच्या आणि सुळ्यांच्या खुणा दोन्ही बाजूंना एकसारख्या उमटल्या पाहिजेत. त्यानंतर जबडा उजवीकडे-डावीकडे आणि पुढे सरकवायचा. सरकताना खुणेची रेघ फक्त सुळ्यांपाशी आणि पुढे उमटावी, दाढांवर रेघा आल्या तर त्या घासून काढतात. हे होईपर्यंत अ‍ॅक्रिलिकची धूळ उडते आणि वेळ जातो. उजवी बाजू आधी लागते असं वाटलं तर संकोच न करता सांगा. एकाच बाजूला उंच राहिलेली पट्टी ज्या गालाला बरं करायचं त्यालाच दुखवते.

पुढची भेट एका आठवड्याने, मग तीन-चार आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. स्नायू सैल होत जातात तसा जबडा किंचित वेगळ्या जागी मिटू लागतो, म्हणून आज जुळलेल्या खुणा आठवड्याने जुळतीलच असं नाही. पैसे ठरवतानाच विचारा की या भेटी त्यात धरल्या आहेत का. भेटीला पट्टी बरोबर न्यायला विसरू नका. खासगीत परवडत नसेल तर सोलापूरजवळच्या केगावच्या दंत महाविद्यालयात कृत्रिम दातांच्या, म्हणजे प्रोस्थोडोन्टिक्स विभागात चौकशी करा. महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे फेऱ्या जास्त होतात, पण एकेक पायरी सहसा नीट होते. तुमचा हंगाम जूनच्या आधीचा, म्हणून फेऱ्यांचं वेळापत्रक त्याआधी किंवा त्यानंतरच बसवा.

पट्टी फक्त झोपताना घालायची. पहिल्या काही रात्री लाळ जास्त सुटते, दात आवळल्यासारखे वाटतात, झोपेत नकळत पट्टी काढून ठेवली जाते. आठवडाभरात बहुतेकांना सवय होते. सकाळी काढल्यावर काही मिनिटं दात नेहमीसारखे मिटत नाहीत, तेही चालतं. मात्र हे अर्ध्या तासाहून जास्त टिकू लागलं, किंवा जेवताना चावा वेगळा वाटू लागला, तर पट्टी घालणं थांबवा आणि दाखवा. सहा ते बारा आठवड्यांनी कॅलेंडरवरच्या फुल्या मोजा. कमी झाल्या नसतील तर वेदनेसाठी तरी ती चालू ठेवण्यात अर्थ नाही, दाढ वाचवण्यासाठी ठेवायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. पट्टीने दुखणं वाढत असेल तर बारा आठवडे थांबू नका.

घोरण्याचं तुम्ही ओघात लिहिलंय, पण ते सोडून देऊ नका. मिस्टरांना विचारा : घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो का? मग एकदम धाप लागल्यासारखा सुरू होतो का? सकाळी उठताना डोकं जड, दिवसा डुलक्या, असं असेल तर आधी छाती-श्वास किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास अडखळणाऱ्या काही जणांत वरच्या दातांच्या साध्या पट्टीने ते अडखळणं वाढलेलं आढळलं आहे. त्यांच्यासाठी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी निराळी पट्टी असते, तिचं काम निराळं आणि तपासणीही निराळी.

दात घासून चावा सरळ करायच्या सल्ल्याला नाही म्हणा. घासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, परत येत नाही. पट्टी पटली नाही तर डबीत ठेवता येते, घासलेल्या दाताचं तसं करता येत नाही. वेदनेवरचा उपाय म्हणून सगळ्या दातांना कॅप घालणं, तारा लावणं, किंवा जेवतानाही न काढता चोवीस तास पट्टी घालून जबड्याची 'नवी जागा' ठरवणं, हे सगळं याच यादीत. बीएमजेच्या शिफारशींत चावा कायमचा बदलणाऱ्या पट्ट्यांना जोरदार नकार आहे.

काही लक्षणं असतील तर मात्र हे उत्तर बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. अचानक, आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी. डोकेदुखीबरोबर ताप, मान ताठ होणं, बोलताना अडखळणं, हात-पाय किंवा चेहरा बधिर होणं. जबडा उघडा किंवा मिटलेला अडकून बसणं. श्रम केल्यावर जबड्यात दुखणं आणि सोबत छातीत दडपण किंवा घाम, हे हृदयाचं असू शकतं. आणि घरातल्या कुणाला पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखू लागलं, केस विंचरताना टाळू दुखते, चावताना जबडा भरून येतो, नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी दाखवा. त्या आजारात उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

तोंड कमी उघडतंय, तिखट झोंबतंय, गालाच्या आत पांढरट कडक पट्टे लागतात, असं मावा-गुटखा खाणाऱ्या कुणाला होत असेल तर तो सबम्युकस फायब्रोसिस असू शकतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी हा आजार दंतवैद्यांना रोज दिसतो. त्यात कर्करोगाचा धोका असतो आणि रात्रीच्या पट्टीने त्यात काहीही होत नाही.

पट्टीची निगा सोपी आहे. सकाळी काढली की साध्या गार पाण्याखाली, मऊ ब्रशने, किंचित साबण लावून घासा. टूथपेस्ट नको, तिने चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. गरम पाणी अजिबात नको, पट्टी वाकडी होते. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात थोडा वेळ बुडवून घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. डबीत ठेवा, कागदात किंवा पदरात गुंडाळून ठेवली की हरवतेच. पत्र्याच्या खोलीत खिडकीपाशी उन्हात ठेवू नका. तडा गेला किंवा तुकडा पडला तर घरच्या गोंदाने चिकटवू नका. चिकटवलेला सांधा जरा जरी उंच राहिला तरी चावा बिघडतो, आणि सुटा तुकडा झोपेत घशात जाऊ शकतो. तुकडे डबीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि दुरुस्त होईपर्यंत तिच्याशिवाय झोपा. बॉबिन बदलतानाची तपासणी तेवढ्या दिवसांतही चालू ठेवा.